वही फाटली, पावत्या शाबूत आहेत

समजा, ऑगस्टमधली संध्याकाळ आहे. दाभोशाला लेंडी नदी फुगली आहे आणि धबधब्याकडे जाणाऱ्या पर्यटकांना वाटेतच अडवलं आहे. तिथल्या वार्ताहराने रेंज मिळताच चार ओळींची बातमी आणि दोन फोटो पाठवले. जव्हारमधल्या तुमच्या खोलीतल्या सर्व्हरवर ती बातमी चढत होती, तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी मे महिन्यातच बसली होती. 'पावसाआधी बघू' म्हणून राहून गेली होती. तासाभराने लाइट आली, मशीन सुरू झालं आणि पडद्यावर एकच तक्रार आली: नोंदींची फाइल खराब आहे. आजची बातमी दिसत नाही आणि दहा वर्षांपूर्वीचीही दिसत नाही.

या क्षणी बहुतेक नुकसान माणूसच करतो. कोणी घाबरून सगळं पुसतो आणि नव्याने बसवतो. कोणी इंटरनेटवर सापडलेली पहिली आज्ञा तशीच चालवतो. लाइट गेल्यामुळे मोडलं असेल ते बहुधा जोडता येतं. घाईत पुसलेलं मात्र परत येत नाही. म्हणून आधी नेमकं काय मोडलं ते ओळखायचं. जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना हे कळत होतं, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

पावती, रोजकीर्द, खतावणी

पेढीवर तीन थर असतात. व्यवहाराची पावती हा मूळ कागद. त्यावरून दिवसाच्या क्रमाने भरते ती रोजकीर्द. रोजकिर्दीवरून नावानिशी खाती मांडली की झाली खतावणी. खतावणीला वाळवी लागली तर ती रोजकिर्दीवरून पुन्हा लिहिता येते. रोजकीर्द भिजली तर पावत्या लावून ती पुन्हा भरता येते. पावत्याच जळाल्या तर मात्र कोणताही मुनीम काही करू शकत नाही. दुसरीकडे प्रत ठेवली असेल तरच वाचाल.

बातम्यांच्या सर्व्हरची घडण अगदी अशीच असते. ती सर्वांत स्वच्छ दिसते यूजनेटच्या, म्हणजे चर्चागटांच्या जुन्या जाळ्याच्या, सर्व्हरमध्ये. यूजनेटची कल्पना 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना सुचली. नव्वदच्या दशकात परदेशातली मराठी मंडळी 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' या गटावर रोमन लिपीत मराठी लिहीत, ते याच जाळ्यावर. हे सर्व्हर चालवणारं 'आयएनएन', म्हणजे इंटरनेटन्यूज, हे सॉफ्टवेअर रिच साल्झ यांनी 1992 च्या सुमारास लोकांपुढे आणलं, आणि त्याची देखभाल आजही होते. आज तालुक्यातल्या बहुतेक बातमीदारांची साइट वर्डप्रेसवर असते. तिच्याकडेही पुढे येऊ. पण दुरुस्तीचं तत्त्व आयएनएनवर जितकं चटकन कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही.

आयएनएनमध्ये लेखांचा साठा, म्हणजे 'स्पूल', ही पावत्यांची पेटी. 'हिस्टरी' नावाची साधी मजकुराची फाइल ही रोजकीर्द: दर लेखामागे एक ओळ आणि टॅबने तोडलेले रकाने. पहिल्या रकान्यात लेखाच्या ओळखक्रमांकाचा ठसा असतो. दुसऱ्यात लेख कधी आला, कधी बाद व्हायचा आणि कधी लिहिला गेला त्या वेळा असतात. तिसऱ्यात तो साठ्यात कुठे ठेवला आहे त्याची खूण असते. या फाइलवर बसवलेली 'डीबीझेड' सूची ही खतावणी. तिच्यामुळे लाखो ओळींतून हवी ती ओळ क्षणात सापडते. शिवाय शीर्षक, लेखक आणि तारीख चटकन दाखवणारा 'ओव्हरव्ह्यू' असतो, तोही लेखांवरूनच बनलेला. आणि कोणत्या गटात कितव्या क्रमांकापर्यंत लेख आले ते सांगणारी 'ॲक्टिव्ह' ही छोटी फाइल असते.

'फाइल करप्ट झाली' असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारा: यातली कोणती? खतावणी मोडली असेल तर दहा मिनिटांचं काम असतं. पावत्या गेल्या असतील तर दुरुस्ती विसरा आणि बॅकअप शोधा.

हात लावण्याआधी

पहिलं काम, नव्या नोंदी थांबवा. आयएनएनला 'सीटीएल-आयएनएनडी' या आज्ञेने 'थ्रॉटल' करता येतं. मोठ्या कामासाठी सर्व्हर पूर्ण बंद करणंच बरं. फाटक्या वहीत रात्रभर नव्या ओळी भरत राहिल्या तर फाटकं कुठलं आणि धड कुठलं हे सकाळी कळत नाही.

दुसरं, डिस्कवर जागा उरली आहे का ते बघा. नोंदी बिघडण्याचं हे फार साधं आणि फार वेळा नजरेआड होणारं कारण आहे: डिस्क काठोकाठ भरते, अर्धी ओळ लिहिली जाते आणि उरलेली अर्धी हवेत राहते. भरलेल्या डिस्कवर दुरुस्ती सुरू केली तर तीही अर्धवटच होईल.

तिसरं, डिस्कची तब्येत तपासा. यंत्राच्या नोंदवहीत वाचन-लेखनाच्या चुका दिसत असतील किंवा डिस्क कटकट आवाज करत असेल तर तिच्यावर काही दुरुस्त करू नका. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फाइलव्यवस्थेची तपासणी करायचीच तर डिस्कचा तो भाग आधी अलग करा; चालू भागावर तपासणी करणं हा नवा बिघाड ओढवून घेण्याचा रस्ता आहे.

चौथं आणि सगळ्यांत मोलाचं: बिघडलेल्या फाइलचीही प्रत काढा. 'खराब आहे, तिची प्रत कशाला?' असं वाटतं. पण दुरुस्तीचा पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी हीच फाइल लागते. प्रत काढताना फाइलींच्या मूळ वेळा आणि मालकी जपणारा पर्याय निवडा. लेखागणिक एक फाइल ठेवणाऱ्या पारंपरिक साठ्यात लेख कधी आला हे फाइलच्या वेळेवरूनच ठरतं. साध्या नकलेत ती वेळ 'आज' होते, आणि पुढे वही नव्याने लिहिली की दहा वर्षांचे लेख आजच आल्यासारखे दिसतात.

बातम्यांच्या सर्व्हरची दुरुस्ती

आता वहीच्या वरच्या थरापासून खाली उतरत जायचं. जिथे काम भागेल तिथे थांबायचं.

खतावणी मोडली असेल तर: हिस्टरी फाइलच्या शेवटच्या ओळी उघडून बघा. अचानक लाइट गेल्यावर बहुधा शेपटीच बिघडते: अर्धी ओळ, किंवा मजकुराऐवजी नुसते शून्य बाइट. वरच्या ओळी नीट असतील तर प्रतीवर काम करून ती शेपटी काढा. एक सावधगिरी ठेवा: ज्या ओळीत दोनच रकाने आहेत ती बिघडलेली असेलच असं नाही. मुदत संपून पुसलेल्या लेखाची ओळख काही दिवस वहीत तशीच ठेवलेली असते, म्हणजे तोच लेख शेजारच्या सर्व्हरने पुन्हा पाठवला तर तो ओळखता येतो. तेव्हा 'तिसरा रकाना नाही' म्हणून सरसकट ओळी कापू नका. वही साफ झाली की 'मेक-डीबीझेड' चालवून सूची नव्याने बांधा. ती सांगितल्याशिवाय जुन्या सूचीवर लिहीत नाही, नव्या नावाने फाइली तयार करते. त्या तपासून मगच जागेवर बसवा.

वहीच गेली असेल तर: 'मेक-हिस्टरी' साठ्यातला प्रत्येक लेख वाचून हिस्टरी नव्याने लिहिते, आणि सांगितलं तर ओव्हरव्ह्यूही बनवते. साठा मोठा असेल तर याला काही तास लागतात. मध्येच तोडू नका, आणि तात्पुरत्या फाइलींसाठी दुसऱ्या डिस्कवर मोकळी जागा द्या. ती पूर्ण झाली की 'मेक-डीबीझेड' लागतेच. रोजकीर्द लिहून झाल्यावर खतावणी भरावीच लागते. या मार्गात एक तोटा आहे. पुसलेल्या लेखांच्या ओळखी पावत्यांच्या पेटीत नसतात, म्हणून नव्या वहीत त्या येत नाहीत. आयएनएन मुळातच दहा दिवसांहून जुने लेख बाहेरून घेत नाही, त्यामुळे जुना गाळ पुन्हा फारसा शिरत नाही. ती मुदत कोणी वाढवली असेल तर दुरुस्तीनंतरचे काही दिवस लक्ष ठेवा.

ॲक्टिव्ह बिघडली असेल तर: रोजची देखभाल नीट चालू असेल तर तिची जुनी प्रत लॉगच्या 'ओल्ड' फोल्डरात मिळते. ती बसवा, सर्व्हर सुरू करा आणि लगेच 'रीनंबर' द्या, म्हणजे प्रत्येक गटाचा पहिला आणि शेवटचा क्रमांक ओव्हरव्ह्यूशी जुळवला जाईल. ही पायरी गाळली तर नव्या लेखाला वापरून झालेला क्रमांक मिळू शकतो, आणि वाचकाच्या यंत्राला वाटतं की हा लेख आपण वाचला आहे.

या सगळ्या आज्ञा 'न्यूज' या खात्यातूनच चालवा. मुख्य प्रशासकाच्या खात्यातून चालवल्या तर नव्या फाइली त्याच्या मालकीच्या होतात. दुरुस्ती फत्ते होते, पण सर्व्हरला स्वतःच्याच वहीत लिहिता येत नाही. रात्रभर जागलेला माणूस पहाटे नेमका इथे फसतो. शेवटी 'इन-चेक'ने मांडणी आणि परवानग्या तपासा, 'गो' देऊन दार उघडा आणि माहितीतले चार-पाच लेख नावानिशी शोधून बघा. त्यातला एक तरी अगदी जुना असू द्या.

तुमची साइट वर्डप्रेसवर असेल तर

थर तेच, नावं वेगळी. मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या तक्त्यांत असतो, आणि दुरुस्ती कशी करायची हे तक्ता कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतं.

जुन्या साइटींवर 'मायआयसॅम' जातीचे तक्ते सापडतात. त्यांत माहितीची फाइल वेगळी आणि सूचीची वेगळी. 'टेबल क्रॅश झालं आहे' हा संदेश आला की अनेकदा फक्त सूची बिघडलेली असते; 'रिपेअर टेबल' ही आज्ञा माहितीवरून सूची पुन्हा बांधते. वर्डप्रेसमध्ये याचं तयार पानही आहे. मांडणीच्या फाइलमध्ये दुरुस्तीची परवानगी देणारी एक ओळ लिहिली की ते उघडतं. पण ते उघडायला लॉगिन लागत नाही, म्हणून काम झालं की ती ओळ त्याच बैठकीत काढा.

2010 मधल्या 5.5 आवृत्तीपासून मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी' ही जात ठरलेली असते. तिला 'रिपेअर टेबल' लागू पडत नाही. ती स्वतःची कच्ची नोंदवही वाचून लाइट गेल्यावर बहुधा आपली आपण सावरते. तेवढा वेळ तिला द्या आणि मध्ये पुन्हा बंद-चालू करू नका. सुरूच होत नसेल तर 'फोर्स रिकव्हरी'च्या एक ते सहा पायऱ्या आहेत. एकपासून चढायचं, साइट उभी राहिली की लगेच सगळी माहिती बाहेर उतरवायची आणि नव्या जागी भरायची. चारपासून पुढे माहिती कायमची बिघडू शकते, म्हणून तिथे पाऊल फक्त प्रतीवर टाकायचं. या पायऱ्या माणसाला जळत्या घरातून बाहेर काढण्यासाठी आहेत. त्यांवर संसार मांडायचा नसतो.

फाइल धड आहे, मराठी मोडलं आहे

मराठी बातमीदाराला आणखी एक बिघाड भेटतो. दुरुस्तीनंतर साइट उघडते, पण बातम्यांत मराठीच नसतं. यातले तीन प्रकार वेगळे ओळखा. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर मजकूर कायमचा जातो.

'दाभोसा' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. संगणक तीन व्यंजनं आणि तीन मात्रा मिळून सहा चिन्हं मोजतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा बाइट झाले. आता पडद्यावर काय दिसतं ते बघा. नेमकी सहा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं गेली. मूळ जाऊन तिथे खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलं आहे, आता बॅकअपच कामाला येईल. अठराच्या आसपास परकी, डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसत असतील तर हायसं वाटू द्या. बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जात आहेत. असा रकाना आधी निव्वळ बाइटच्या प्रकारात बदलायचा आणि मग 'यूटीएफ-8-एमबी-4' म्हणून ओळखायला सांगायचा, तोही प्रतीवर. मधली पायरी गाळून थेट रूपांतर केलं तर चुकीचा चष्माच पक्का होतो.

तिसरा प्रकार बिघाड नसतोच. जुन्या डीटीपीच्या काळातल्या बातम्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात. तो फॉन्ट नसेल तर त्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसतात. त्या 'खराब' म्हणून टाकू नका. त्या फॉन्टचं नाव शोधा आणि त्याच्याच परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्या'तला अर्धा र हाताने तपासा. परिवर्तक तिथे हमखास अडखळतात.

एक छोटा सापळाही सांगतो. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-8' दर चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरीला ते पुरतात, इमोजीला चार लागतात. म्हणून काही जुन्या साइटींवर बातमीत इमोजी आला की तिथून पुढचा मजकूर कापला जातो. तुम्हाला ते 'करप्शन' वाटतं. खरं तर वही अरुंद आहे.

दुरुस्ती म्हणजे संपादन नव्हे

वही नव्याने लिहिताना हात शिवशिवतो: हेही सुधारू, तेही सुधारू. तो हात आवरा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधीच्या बातमीत 'जव्हार, जि. ठाणे' असेल तर ते चूक नाही, तो त्या दिवसाचा दाखला आहे. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला. त्या काळचं कात्रण कोणी स्कॅन करून तुमच्या साठ्यात ठेवलं असेल तर त्यावरचा जिल्हा, गावाच्या नावाचं स्पेलिंग आणि तारीख जशीच्या तशी राहिली पाहिजे. कुपोषणावर पुढे कोणी अभ्यास करील, एखादा खटला उभा राहील किंवा गावातलं पोर विचारील, तेव्हा 'आम्ही नंतर नीट केलं' हे उत्तर चालत नाही. नवी माहिती द्यायची असेल तर वेगळी नोंद जोडा. आणि दुरुस्तीनंतर तारखा जुळतात का ते सगळ्यांत आधी तपासा. मोडलेल्या साठ्यातून बातम्या परत येतात तेव्हा त्या अनेकदा आजची तारीख लावून येतात.

पुढच्या पावसाआधी

यूपीएस फक्त बॅटरीपुरता घेऊ नका. बॅटरी संपायला आली की त्याने सर्व्हरला शिस्तीत बंद व्हायला सांगावं, ही जोडणी करून घ्या. मे महिन्यात प्लग ओढून एकदा खरंच तपासा.

बॅकअपच्या तीन प्रती ठेवा: दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. जव्हारच्या एकाच कपाटातल्या तीन डिस्का ही एकच प्रत समजा. एक नाशिकला किंवा पालघरला कोणाकडे तरी राहू द्या, आणि ती सतत जोडलेली नको. व्हायरस शिरला तर तो जोडलेल्या प्रतीतही शिरतो. मायएसक्यूएलची उतरवलेली फाइल उघडून तिची शेवटची ओळ वाचा: काम पूर्ण झाल्याची नोंद तिथे असते. ती नसेल तर बॅकअप अर्धवट आहे, मग फाइल कितीही मोठी दिसो. आजची फाइल कालच्यापेक्षा अचानक लहान झाली तरी शंका घ्या.

दुरुस्ती केली की भिंतीवर टांगलेल्या साध्या वहीत लिहा: काय दिसलं, कोणत्या आज्ञा चालवल्या, काय परत आलं, काय गेलं. ही वही कागदाचीच हवी. सर्व्हर पडलेला असतो तेव्हा सर्व्हरवरच्या सूचना वाचता येत नाहीत.

बॅकअप परत उतरवून बघण्याचा सराव वर्षातून एकदा तरी करा. त्यासाठी दिवस ठरवायचा तर 6 जानेवारी सोयीचा आहे. 1832 मध्ये त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, म्हणून आपण तो पत्रकार दिन पाळतो. सत्कार, नारळ, भाषणं होऊ द्या. मग खोलीत परत या, जुनं एखादं मशीन घ्या, गावाबाहेरची प्रत त्यावर उतरवा आणि दाभोशाच्या धबधब्याची दहा वर्षांपूर्वीची बातमी शोधा. ती तारखेसह, मात्रांसह आणि फोटोसह उघडली, तर ऑगस्टमध्ये लाइट जाईल तेव्हा मेणबत्ती लावून तुम्हाला स्वस्थ चहा पिता येईल.